अपेक्षाभंग, भ्रमनिरास आणि ‘मनातून उतरणे’

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावातून अमरावतीला शिकायला येणाऱ्या विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला आहे. तिच्या आवडत्या पॉप गायकाची चाहत्यांशी भेट नागपुरात ठरली होती. पहाटेची एसटी धरून, अमरावतीला गाडी बदलून ती तिथे पोहोचली आणि तीन तास रांगेत उभी राहिली. सोबत एक वही होती. त्याच्या गाण्यांचे तिने स्वतः केलेले वऱ्हाडी रूपांतर त्या वहीत होते आणि निदान एक पान त्याने वाचावे, एवढीच तिची इच्छा होती. टेबलापाशी तिची पाळी आली, तेव्हा गायकाचे डोळे डाव्या हातातल्या मोबाईलवर होते. वही सहीसाठीच पुढे केली आहे असे समजून त्याने मान वर न करता, तिने लिहिलेल्या ओळींवरूनच आडवी सही ओढली, आणि बाजूच्या माणसाने ‘चलो, नेक्स्ट’ म्हणून तिला पुढे सरकवले. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी हा अनुभव लिहिताना तिने ‘माझा भ्रमनिराश झाला’ असे वाक्य लिहिले. सरांनी ते लाल शाईने खोडून वर ‘अपेक्षाभंग’ लिहिले. घरी आजीला हकीकत सांगितली, तर आजी म्हणाली, ‘थो तुह्या मनातून उतरला व पोरी, दुसरं काई नाई.’ या तिघांपैकी बरोबर कोण आणि तिन्ही शब्दांचा अर्थ एकच का, असे तिने विचारले आहे.

आधी शुद्धलेखनाचे सांगते, कारण ही चूक फार जणांकडून होते आणि तिच्यामुळे अर्थही बिघडतो. शब्द ‘भ्रमनिराश’ असा नाही, ‘भ्रमनिरास’ असा आहे. त्यातल्या ‘निरास’चा आशेशी काहीही संबंध नाही. ‘निराशा’ हा शब्द ‘निर्’ आणि ‘आशा’ यांच्यापासून झाला. ‘निरास’ हा ‘निर्’ आणि ‘अस्’ म्हणजे फेकणे, या धातूपासून झाला. ‘शंकानिरसन’ किंवा ‘तक्रारींचे निरसन’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातले ‘निरसन’ याच धातूचे असते. म्हणजे भ्रमनिरास याचा मूळ अर्थ भ्रम दूर सारला जाणे, एवढाच आहे आणि मुळात त्यात दुःखाचा लवलेशही नाही. अंधारात दोरी पाहून साप आहे असे वाटते आणि दिवा आणल्यावर ती दोरी आहे हे कळते, हा वेदान्तातला नेहमीचा दाखला आहे. तिथे भ्रमाचा निरास झाला की माणूस सुटकेचा श्वास टाकतो. आज मराठीत मात्र हा शब्द खिन्नतेनेच उच्चारला जातो. ‘निराशा’ या शब्दाशी असलेल्या नादसाम्याने त्याला ही कळा आली असावी, असे माझे मत आहे. ‘भ्रमनिराश’ हे चुकीचे रूपही त्याच नादातून लेखणीत उतरते.

आता तुमच्या प्रसंगाला हा शब्द शुद्ध करून तरी लागू पडतो का, ते पाहू. भ्रमनिरास व्हायला आधी भ्रम असावा लागतो. चार वर्षे तुम्ही ज्याची गाणी ऐकली, पाठ केली, आपल्या बोलीत आणली, ती गाणी खोटी होती का? त्यातला सूर, त्यातले शब्द कालपर्यंत चांगले होते आणि आज वाईट झाले, असे तुम्ही म्हणत नाही. तुमच्या पत्रात तसे एकही वाक्य नाही. तुमचे त्याच्याशी नाते कानाचे होते, नागपुरात ते डोळ्यांवर आले. ऐकून मन देणे यात भ्रम असतोच असे नाही आणि हे विदर्भातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आपल्याच अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, आणि तिथल्या रुक्मिणीने कृष्णाला पाहण्याआधी, केवळ त्याचे गुण ऐकून त्याला वरले आणि ब्राह्मणाच्या हाती निरोप पाठवला. म्हणून एका मिनिटाच्या वागण्यावरून चार वर्षांच्या आवडीला ‘भ्रम’ म्हणून टाकणे मला अन्यायाचे वाटते आणि तो अन्याय त्या गायकापेक्षा तुमच्या स्वतःवर अधिक होतो.

सरांनी सुचवलेला ‘अपेक्षाभंग’ या प्रसंगाला अधिक जवळचा आहे. मात्र केवळ तो प्रमाण आणि नेमका शब्द आहे म्हणून नव्हे. ‘अपेक्षा’ हा शब्द ‘अप’ आणि ‘ईक्ष्’ यांचा मिळून झाला आहे. ईक्ष् म्हणजे पाहणे. ‘प्रतीक्षा’ म्हणजे कोणाच्या तरी दिशेने पाहत राहणे. तीही याच धातूची. ‘उपेक्षा’ म्हणजे समोर असलेल्याची दखल न घेणे. तीही याच धातूची. तीन तास तुम्ही प्रतीक्षा केली, मनात अपेक्षा धरली आणि टेबलापाशी उपेक्षा वाट्याला आली. तुमचा अख्खा दिवस एकाच धातूच्या तीन शब्दांत मावतो आणि त्या धातूचा अर्थ पाहणे असा आहे. त्याने सही तर केली होती, ठरलेला वेळही दिला होता. त्याने पाहिले नाही, एवढेच घडले. आपली मराठी प्रतीक्षेला ‘वाट पाहणे’ म्हणते, तीही पाहण्याचीच भाषा आहे. वाट पाहून पाहून ज्याच्यापाशी पोहोचावे त्याने आपल्याकडे पाहू नये, हे दुःख ‘अपेक्षाभंग’ या शब्दाच्या मुळातच दडलेले आहे. लाल शाईने दुरुस्ती करताना सरांच्या मनात हे होते की नाही, ते तेच जाणोत. शब्द मात्र त्यांनी चोख निवडला.

पाहण्याचा विषय निघालाच आहे तर ‘आयडल’ या शब्दाकडेही वळू, कारण तुमच्या लेखात तो सात-आठ वेळा आला आहे. २००४ साली टीव्हीवर ‘इंडियन आयडल’ सुरू झाले आणि पहिल्याच पर्वात अभिजीत सावंत या मराठी मुलाने बाजी मारली, तेव्हापासून हा शब्द आपल्या घराघरांत रुळला. त्याचे मूळ ग्रीक भाषेत आहे. तिथे त्याचा अर्थ प्रतिमा, आकृती, डोळ्यांना दिसणारा आभास असा होता आणि तोही पाहणे या अर्थाच्या धातूपर्यंतच जातो. ‘फॅन’ हा इंग्रजीतल्या ज्या शब्दाचा तुकडा आहे, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला देवळाचा शब्द आहे. म्हणजे मूर्ती आणि देऊळ ही जोडी या दोन शब्दांत आधीपासूनच बसलेली आहे.

आणि मूर्तीपुढे आपण काय करतो? दर्शन घेतो. शेगावच्या रांगेत माणूस तासन् तास उभा राहतो, समाधीपुढे त्याला डोके टेकायला क्षणभर मिळतो, सेवाधारी ‘माउली, पुढे चला’ म्हणतो आणि तो समाधानाने बाहेर पडतो. पंढरपूरला पदस्पर्शदर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते. कोणत्या रांगेत काय मिळेल, हे वारकऱ्याला आधीच ठाऊक असते. महाराज माझ्याशी बोलले नाहीत, अशी तक्रार शेगावाहून परतणारा कधी करत नाही, कारण तो दर्शनाला गेला होता. तुम्ही मात्र भेटीला गेला होतात. तिकिटावर ‘मीट’ असे छापले होते आणि त्याचे मराठी तुम्ही मनात ‘भेट’ असे केले, त्यात तुमची काही चूक नाही. भेट दोघांची असते. एकाने पाहिले आणि दुसऱ्याने पाहिले नाही, तर त्याला दर्शन म्हणता येईल, भेट म्हणता येणार नाही. माझ्या मते तुमच्या दुःखाचे मूळ याच एका शब्दात आहे: भेटीच्या नावाखाली तुम्हाला दर्शन देण्यात आले.

जपान आणि दक्षिण कोरियात हा व्यवहार आपल्यापेक्षा फार आधी पक्का झाला. जपानमधल्या एकेबी-४८ या २००५ साली सुरू झालेल्या गटाची कल्पनाच ‘जिला जाऊन भेटता येईल अशी आयडल’ अशी होती. गाण्याच्या सीडीबरोबर हस्तांदोलनाची कुपने मिळत आणि एका कुपनावर काही सेकंद मिळत. कोरियात सहीच्या कार्यक्रमासाठी अल्बम विकत घेऊन सोडतीत नाव यावे लागते. जितके अल्बम घ्याल तितकी नाव निघण्याची शक्यता वाढते. जपानमध्ये वेळ संपली की चाहत्याला खांद्याला धरून पुढे सरकवणारी माणसे असतात आणि चिकटलेली वस्तू सोलून काढणे, या अर्थाच्या क्रियापदावरून त्यांचे नाव पडले आहे. हा शब्द मला फार बोलका वाटतो, कारण चाहता तिथे चिकटलेला असतो, हे त्या भाषेने मान्य केले आहे. नागपुरात ज्याने तुम्हाला ‘नेक्स्ट’ म्हटले, त्याच्या कामाला मराठीत अजून नाव नाही.

इतर जवळचे शब्द थोडक्यात पाहू. ‘हिरमोड’ हा उत्साहाचा असतो. गायकाचे विमानच आले नसते आणि कार्यक्रम रद्द झाला असता, तर तुमचा हिरमोड झाला असता. ‘विरस’ जमलेल्या मंडळींचा होतो. ‘खट्टू’ होणे लहान मुलांना शोभते. ‘मुखभंग’ शब्दात ज्याचा पराभव झाला त्याच्याविषयी थोडा तुच्छभाव असतो, म्हणून तो इथे वापरूच नये. ‘मोहभंग’ हिंदीतून आला आहे. आज तो मराठी वर्तमानपत्रांतही दिसतो; पण त्यावर ‘भ्रमनिरास’चाच आक्षेप लागू होतो, कारण आवडीला मोह ठरवल्याशिवाय तो वापरता येत नाही. आपल्या शेतीतले दाखले घेतले तर हा फरक लगेच उमजतो. मृगात आभाळ भरून येते आणि वारा सुटून ढग निघून जातात, तेव्हा शेतकऱ्याचा हिरमोड होतो. पाकिटावर एक लिहिलेले आणि उगवले भलतेच, असे बियाणे निघाले की अपेक्षाभंग होतो. आणि वर्षानुवर्षे ज्याच्याकडे कापूस घातला त्या व्यापाऱ्याने काटा मारल्याचे कळले की तो व्यापारी मनातून उतरतो.

इथे आपण आजीच्या वाक्यापाशी येतो आणि मला खरे बोलायचे आहे ते याच वाक्याविषयी. ‘माझा अपेक्षाभंग झाला’, ‘माझा भ्रमनिरास झाला’, ‘माझा हिरमोड झाला’ या सगळ्या वाक्यांत जे काही होते ते तुमचे होते. भंगते ती तुमची अपेक्षा, दूर होतो तो तुमचा भ्रम. गायक या वाक्यांत कुठेच नाही. ‘तो मनातून उतरला’ या वाक्यात मात्र कर्ता तो आहे. उतरणे ही त्याची क्रिया आहे आणि तुमचे मन हे तो जिथून उतरला ते ठिकाण. तिथे त्याला जागा होती, ती त्याने आपल्या वागण्याने गमावली आणि ती जागा तुमचीच राहिली. तुम्हाला कुठेही भोळी, फसलेली किंवा खुळी न ठरवता हे वाक्य सगळा हिशेब योग्य माणसाच्या नावावर मांडते. ज्या शब्दप्रयोगात दुखावलेल्या माणसाचा मान असा शाबूत राहतो, त्याला केवळ बोलीतला म्हणून खालचे स्थान देणे मला मान्य नाही. आणि तो केवळ बोलीतला नाहीच. ‘थो’ आणि ‘तुह्या’ ही रूपे वऱ्हाडी आहेत, ‘मनातून उतरणे’ सबंध मराठीत आहे.

‘उतरणे’ या क्रियापदाचा पसाराही पाहण्यासारखा आहे. ताप उतरतो, भाव उतरतो, कपड्याचा रंग उतरतो, दृष्ट उतरवली जाते. त्या संध्याकाळी तुम्ही घरी आल्याबरोबर आजीने ‘काहून व, तोंड उतरलं?’ असे विचारले होते, हे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे आजीने एकाच क्रियापदात आधी तुमचे तोंड वाचले आणि नंतर त्याचे कारण सांगितले. या प्रयोगाचा विरुद्ध प्रयोग ‘मनात भरणे’ असा आहे. जो मनात भरला होता, तो मनातून उतरला. यात गाण्याविषयी काहीच म्हटलेले नाही, हेही ध्यानात घ्यावे. माणूस उतरला तरी त्याचे गाणे मनात राहू शकते. ‘भ्रमनिरास’ म्हटल्यावर तेही बाहेर टाकावे लागते. ‘मन विटणे’ असा आणखी एक प्रयोग आहे, पण विटायला दिवस लागतात, तेच ते पुन्हा पुन्हा समोर यावे लागते. एका सहीने मन विटत नाही.

तेव्हा तुमच्या लेखासाठी माझी सूचना अशी आहे. घटना सांगताना ‘माझा अपेक्षाभंग झाला’ हे सरांचे वाक्य ठेवावे, कारण ते त्या टेबलापाशी घडलेल्या गोष्टीचे नेमके वर्णन करते. त्यानंतर घरी परतल्यावरचा प्रसंग लिहावा आणि आजीचे वाक्य अवतरणचिन्हांत, ‘थो’चा ‘तो’ आणि ‘तुह्या’चा ‘तुझ्या’ न करता, जसे ती बोलली तसे छापावे. मुद्रितशोधकाने ते प्रमाण भाषेत आणण्याचा आग्रह धरला, तर हे उत्तर त्याला दाखवावे. आणि वऱ्हाडी रूपांतराची ती वही, ज्या पानावर आडवी सही आहे त्या पानासह, मला एकदा वाचायला पाठवावी.