एकटेपणाचा फोटो: चेहऱ्याला जरा सुट्टी दे

तू लिहिलंस की कलेच्या वर्गात ‘एक भावना, ठरवून रचलेला एकच फोटो’ असा प्रकल्प आहे. तू एकटेपणा घेतलास, मैत्रिणीला खिडकीत गुडघ्यांना मिठी मारून बसवलंस, आणि सर म्हणाले, ‘नाटकी वाटतंय.’

सरांचं बरोबर आहे, पण दोष मैत्रिणीच्या अभिनयाचा नाही. गुडघ्यात डोकं घातलेली मुलगी दिसली की बघणारा ‘अच्छा, दुःख’ म्हणतो आणि पुढे सरकतो. शोधायला काही उरतच नाही. मीही हे उद्योग केलेत. ‘भीती’ म्हणून भावाच्या हनुवटीखाली टॉर्च धरून फोटो काढला होता. वर्ग खो-खो हसला. नीट पाहिलं तर फोटोत भाऊही हसू दाबतोय.

म्हणून रचलेला फोटो खोटाच असतो, असं मात्र समजू नकोस. फोटोग्राफी जेमतेम जन्माला आली होती तेव्हाच, 1840 मध्ये, इपोलीत बायार या फ्रेंच माणसाने स्वतःचाच बुडून मेलेल्या माणसासारखा फोटो काढला. कागदावर फोटो उमटवायची पद्धत त्यानेही शोधली होती, पण सरकारी मानमरातब फोटोग्राफीची वेगळी पद्धत शोधणाऱ्या दागेर या दुसऱ्या फ्रेंच माणसाला मिळाला. तो राग बायारने असा काढला. उघडं अंग, मिटलेले डोळे, बाजूला गवती टोपी. उन्हाने रापलेले हात आणि चेहरा फोटोत काळपट आले, तर फोटोच्या पाठीवर लिहिलेल्या मजकुरात त्याने तेही प्रेत कुजायला लागल्याची खूण म्हणून खपवलं! सगळं रचलेलं, पण राग अस्सल. आणि चेहऱ्यावर रागाची एक रेघ नाही.

आता तुझं. ‘एकटेपणा’ हा शब्द फार ऐसपैस आहे. वहीत तो खोडून त्या जागी एक क्षण लिही: कुठल्या कामात दुसरं माणूस नसल्याचं जाणवतं? पाठीवरची चेन लावताना हात पोचत नाही तेव्हा. जड कपाट सरकवताना. मला स्वतःला यात मोठ्या चादरीची घडी सगळ्यात आवडते, कारण ती खरं तर दोघांचं काम. दोन टोकं मैत्रिणीच्या हातात, उरलेली दोन खुर्चीच्या पाठीला चिमट्यांनी अडकवलेली, चादर मधे झोळीसारखी लोंबतेय. खुर्ची रिकामी. बस्स. खुर्चीवर कुणाचा फोटो, सुकलेलं फूल वगैरे ठेवायचा मोह होईल. ठेवू नकोस.

मैत्रिणीला ‘उदास हो’ असं चुकूनही म्हणू नकोस. ‘घडी कडेला कड जुळवून कर’ एवढंच सांग. पहिले दहा-पंधरा फोटो ती कॅमेऱ्यासाठी देईल, ते वायाच जातात. चौथ्यांदा घडी विस्कटली की ती तुला विसरून चादरीवर चिडेल. तेव्हा काढत राहा. ती लाजत असेल तर स्वतःच उभी राहा: सिंडी शर्मन या अमेरिकी फोटोग्राफरने 1977 ते 1980 मध्ये सत्तरेक फोटोंची अख्खी मालिका स्वतःलाच मॉडेल करून केली. फोन पुस्तकांच्या चवडीवर टेकवून 10 सेकंदांचा टायमर लाव, काम भागतं.

काढण्याआधी चौकट कागदावर आख. अगदी काड्यांची माणसं चालतील, पण मैत्रीण कुठे, खुर्ची कुठे, खिडकी कुठल्या बाजूला, हे ठरलेलं हवं. मी तिला चौकटीच्या एका कडेला ढकलेन आणि खुर्चीच्या मागे भरपूर भिंत मोकळी सोडेन, म्हणजे जो माणूस नाही त्याची जागा दिसेल. भिंतीवरचं कॅलेंडर, चार्जरची वायर आधीच काढ. कॅमेरा तिच्या छातीच्या उंचीवर. वरून घेतलास तर ती बिचारी वाटायला लागते, आणि तुला कीव नकोय.

उजेडासाठी खिडकी एका बाजूला ठेव आणि ट्यूबलाइट बंद कर. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की चेहरा एकीकडे निळसर, दुसरीकडे पिवळट दिसतो, आणि ते नंतर निस्तरताना जीव जातो. फोनमध्ये शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, हाताने ठरवता येत असेल तर 1/15 सेकंद करून बघ, फोन मात्र हलता कामा नये. तिने झटकलेलं टोक पुसट होईल आणि खुर्ची ठाम राहील. हे प्रत्येक वेळी जमेलच असं नाही, पण जमलं तर बहार.

सोबत टिपण द्यायचं असेल तर ‘खुर्ची हे विरहाचं प्रतीक आहे’ छापाचं वाक्य कृपा करून नको. त्यापेक्षा हेच काम का निवडलंस आणि किती वेळा फसलं ते लिही, सर ते आवडीने वाचतील.

आणि हो, चादर पांढरीशुभ्र घेऊ नकोस. खिडकीच्या उजेडात तिच्या चुण्या धुऊन निघतात आणि नुसता पांढरा डाग उरतो. फिकट निळी किंवा राखाडी, बिनडिझाइनची घे. इस्त्री नको, चुण्या राहू देत.