वाचकांचे प्रश्न : कंटेनरची तपासणी कोणी आणि कशाची करावी?

प्रश्न : आमची ऑर्डर नोंदवणारी सेवा स्प्रिंग बूट या जावाच्या चौकटीत लिहिलेली असून ती मायक्रोसॉफ्टच्या अॅझूर क्लाउडच्या सेंट्रल इंडिया विभागात, कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसच्या क्लस्टरवर (यंत्रांच्या समूहावर) आठ पॉडमध्ये (कंटेनर चालवण्याच्या एककांमध्ये) चालते. महिनाअखेरीस अहवाल काढले जातात तेव्हा पोस्टग्रेस डेटाबेस काही मिनिटे मंदावतो. तेवढ्यावरून आमचे सगळे कंटेनर (प्रोग्राम चालवणारे बंदिस्त कप्पे) रीस्टार्ट होऊ लागतात आणि डेटाबेस सावरल्यानंतरही सेवा बराच वेळ पूर्वपदावर येत नाही. लाइव्हनेस (कंटेनर जिवंत आहे का) आणि रेडिनेस (तो विनंत्या घ्यायला तयार आहे का) या दोन्ही प्रोबना, म्हणजे कुबरनेटीसच्या ठरावीक वेळाने होणाऱ्या तपासण्यांना, आम्ही स्प्रिंग बूटच्या अॅक्च्युएटर या देखरेखीच्या भागाचा हेल्थ हा एकच पत्ता दिला आहे आणि बाकीची सेटिंग मूळचीच ठेवली आहेत. टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) वाढवावा का?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : टाइमआउट वाढवल्याने हा प्रकार थोडा उशिरा सुरू होईल, इतकेच. क्लस्टर आणि डेटाबेस दोन्ही सेंट्रल इंडियात, म्हणजे पुण्यातच असतील, तर नेटवर्कच्या अंतरावर संशय घेण्याचेही कारण नाही. दोष आहे तो लाइव्हनेस प्रोबला विचारायला दिलेल्या प्रश्नात.

आपल्याकडे काय घडत असावे ते क्रमाने पाहू. कुबरनेटीसची मूळ सेटिंग अशी आहेत की प्रोब दर १० सेकंदांनी विचारणा करतो, उत्तराची फक्त १ सेकंद वाट पाहतो आणि लागोपाठ ३ वेळा अपयश आले की लाइव्हनेसच्या बाबतीत कंटेनर बंद करून पुन्हा सुरू करतो. अॅक्च्युएटरचा हेल्थ हा पत्ता सर्वसाधारणपणे डेटाबेसशी जोडणी होते का, हेही तपासतो. ही जोडणी स्प्रिंग बूट ज्या हिकारी पूलमधून (तयार जोडण्यांच्या साठ्यातून) घेते, त्यात मुळात १० जोडण्या असतात आणि एकही मोकळी नसेल तर मागणी करणारा ३० सेकंदांपर्यंत रांगेत थांबतो. अहवालांमुळे प्रत्येक क्वेरी रेंगाळू लागली की दहाच्या दहा जोडण्या अडकून पडतात, त्यांच्यामागे तपासणीची विनंतीही रांगेत उभी राहते आणि तिचा एक सेकंद तिथेच संपतो. डेटाबेस जिवंत असतो, आपला प्रोग्रामही जिवंत असतो, तरी अर्ध्या मिनिटाच्या आत कुबेलेट हा कुबरनेटीसचा प्रत्येक यंत्रावरचा कारभारी त्या कंटेनरला मृत ठरवतो. आठही पॉड एकाच डेटाबेसवर अवलंबून असल्यामुळे हा निकाल सगळ्यांवर जवळजवळ एकाच वेळी लागतो.

पुढचा भाग अधिक नुकसानीचा आहे. बंद केलेल्या कंटेनरने सुरू केलेल्या लांबलचक क्वेरी पोस्टग्रेसच्या बाजूला काही काळ चालूच राहतात, कारण समोरचा निघून गेल्याचे त्याला लगेच कळत नाही. त्याच वेळी नवे कंटेनर पुन्हा दहा-दहा जोडण्या मागू लागतात. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० जोडण्यांची आहे. ती आपण वाढवली नसेल, तर एरवी ८० जोडण्यांत भागणारी व्यवस्था नेमक्या या वेळी मर्यादेला भिडते आणि मंदावलेल्या डेटाबेसवरचा भार आणखी वाढतो. शिवाय वारंवार बंद पडणारा कंटेनर पुन्हा सुरू करण्यापूर्वी कुबरनेटीस आधी १०, मग २०, मग ४० सेकंद असे दुप्पट होत जाणारे आणि अखेरीस ५ मिनिटांपर्यंत पोहोचणारे अंतर ठेवतो. डेटाबेस सावरल्यावरही आपली सेवा का रखडते, याचे कारण बहुधा हेच आहे.

म्हणून लाइव्हनेस प्रोबसाठी माझा आग्रह एकाच कसोटीचा आहे : जो बिघाड हाच कंटेनर रीस्टार्ट केल्याने खरोखर दुरुस्त होतो, तेवढ्याच बिघाडाची विचारणा तिथे करावी. थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामे) एकमेकांत कायमचे अडकणे किंवा प्रोग्राम कोणत्याच विनंतीला उत्तर न देणे हे बिघाड या कसोटीत बसतात. डेटाबेस, पेमेंट गेटवे, मेसेज क्यू किंवा शेजारची दुसरी सेवा यांतले काहीही बसत नाही, कारण आपला कंटेनर शंभर वेळा रीस्टार्ट केला तरी ती बरी होणार नाहीत. स्प्रिंग बूटमध्ये २०२० साली आलेल्या २.३ या आवृत्तीपासून लाइव्हनेस आणि रेडिनेससाठी वेगळे पत्ते मिळतात आणि लाइव्हनेसच्या पत्त्यात डेटाबेसची तपासणी नसते. आपण ते वापरावेत. मात्र अॅक्च्युएटर वेगळ्या पोर्टवर चालवत असाल, तर मुख्य पोर्टवरचे काम ठप्प असतानाही त्या पोर्टवरून ‘ठीक आहे’ असे उत्तर येऊ शकते. त्यामुळे हे दोन पत्ते मुख्य पोर्टवरूनच उपलब्ध करून देण्याची सोय स्प्रिंग बूटने केली आहे, ती अवश्य घ्यावी.

रेडिनेस प्रोब अपयशी ठरला तर कंटेनर बंद होत नाही, फक्त त्याच्याकडे नव्या विनंत्या पाठवणे थांबते. पोस्टाच्या खिडकीवर ‘थोड्या वेळाने यावे’ अशी पाटी लावण्यासारखे ते आहे. मग डेटाबेसची तपासणी इथे ठेवावी का? स्प्रिंग बूट ती मुळात ठेवत नाही आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. आठही पॉड एकाच वेळी अपात्र ठरले तर विनंती स्वीकारायला कोणीच उरत नाही, आणि ग्राहकाला आपल्या प्रोग्रामने दिलेल्या समजेल अशा संदेशाऐवजी प्रवेशद्वारावरचा ५०३ (सेवा उपलब्ध नाही) हा त्रुटीचा आकडा दिसतो. डेटाबेसशिवायही कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) काही माहिती दाखवता येत असेल, तर ती वाटही बंद होते. एखाद्याच पॉडची जोडणी बिघडू शकते अशी रचना असेल तेव्हा ही तपासणी उपयोगी पडते; आपली तशी दिसत नाही.

जावाच्या सेवेला सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून स्टार्टअप प्रोबही द्यावा. कुबरनेटीसच्या १.२० या आवृत्तीपासून तो स्थिर आहे. दर १० सेकंदांनी विचारणा आणि ३० अपयशांची मुभा दिली, तर कंटेनरला सुरू होण्यासाठी ५ मिनिटे मिळतात. तो यशस्वी होईपर्यंत बाकीचे दोन प्रोब थांबून राहतात आणि एकदा यशस्वी झाला की तो पुन्हा विचारला जात नाही. एक सेकंदाचा टाइमआउट दोन-तीन सेकंदांवर नेणे एवढा बदल त्यानंतर करायला हरकत नाही, विशेषतः सीपीयूची मर्यादा तंग असेल तर.

प्रश्न : आमच्या छोट्या कंपनीचे जँगो या पायथॉनच्या चौकटीतील संकेतस्थळ अॅमेझॉन क्लाउडच्या मुंबई विभागात ईसीएस फार्गेट या कंटेनर चालवणाऱ्या सेवेवर आहे. टास्कच्या (ईसीएसवर कंटेनर चालवण्याच्या एककाच्या) व्याख्येत लिहिलेली तपासणी कंटेनरला ‘हेल्दी’ ठरवते, तरीही विनंत्या वाटून देणारा लोड बॅलन्सर त्याला ‘अनहेल्दी’ म्हणतो आणि टास्क पुन्हापुन्हा बदलला जातो. लॉगमध्ये ४०० (चुकीची विनंती) हा त्रुटीचा आकडा दिसतो. जँगोच्या अलाउड होस्ट्समध्ये (कोणत्या नावांनी आलेल्या विनंत्या स्वीकारायच्या त्या यादीत) आमचे डोमेन आणि लोकलहोस्ट दोन्ही आहेत.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्याकडे तपासणारे दोन आहेत आणि दोघे वेगवेगळ्या दारांतून येतात. टास्कच्या व्याख्येतील आज्ञा कंटेनरच्या आतच चालते व लोकलहोस्टला विचारते, म्हणून ती यशस्वी होते. लोड बॅलन्सर बाहेरून येतो आणि होस्ट म्हणून टास्कचा आयपी पत्ता सांगतो. तो यादीत नसल्यामुळे जँगो ४०० देतो, आणि लोड बॅलन्सर मुळात फक्त २०० (सर्व ठीक) हेच यश मानतो. यादीत तारांकन टाकून सगळ्यांना मुभा देणे सोपे वाटले तरी ते टाळावे, कारण खोट्या होस्टपासूनचे संरक्षण त्याने निघून जाते. तपासणीच्या पत्त्यासाठी एक लहानसे मिडलवेअर (प्रत्येक विनंती आधी हाताळणारा कोड) मिडलवेअरच्या यादीत सर्वांत वर ठेवावे आणि होस्टची छाननी होण्यापूर्वीच त्याने २०० उत्तर द्यावे. यशाच्या आकड्यांत ४०० समाविष्ट करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नये. त्यानंतर ती तपासणी कशाचीच राहत नाही.

प्रश्न : डॉकरफाइलमध्ये (डॉकर या साधनाने कंटेनर कसा बनवायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) हेल्थचेक लिहिला की बिघडलेला कंटेनर आपोआप रीस्टार्ट होतो का?
— एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर

उत्तर : नुसत्या डॉकरवर होत नाही. तो कंटेनरवर ‘अनहेल्दी’ असा शिक्का मारतो आणि थांबतो. रीस्टार्टचे धोरण प्रोग्राम बंद पडला तरच लागू होते. अनेक यंत्रांवर कंटेनर सांभाळणारा डॉकर स्वॉर्म असा कंटेनर बदलतो. कुबरनेटीस आणि ईसीएस मात्र डॉकरफाइलमधील ही सूचना विचारात घेत नाहीत, तिथे तपासणी त्यांच्या पद्धतीने स्वतंत्रपणे लिहावी लागते. आपल्या लॅपटॉपवर तिचा खरा उपयोग अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या डॉकर कंपोझमध्ये होतो : पोस्टग्रेसच्या कंटेनरला पीजी-इजरेडी (डेटाबेस जोडण्या घ्यायला तयार आहे का) या आज्ञेची तपासणी द्यावी आणि आपल्या प्रोग्रामला तो ‘हेल्दी’ होईपर्यंत थांबण्याची अट घालावी, म्हणजे डेटाबेस तयार होण्याआधीच प्रोग्राम सुरू होऊन कोसळण्याचा प्रकार थांबेल.