लेओबेनला यायचं म्हणतोयस तर

तू विचारलंस, दादा, पुण्यात ५ वर्षं एसएमटी लाईनवर (सर्किट बोर्डावर मशीनने पार्ट बसवायची लाईन) आहे, आता ऑस्ट्रियात लेओबेनला पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डाच्या, आत कंपोनंट बसवायच्या कामात शिरता येईल का. येईल की, पण 'रीफ्लो प्रोफाईल (सोल्डर वितळवायच्या भट्टीचं तापमान) सेट करतो' एवढ्यावर इथे कोणी उभं करणार नाही.

आपल्या लाईनवर कसं, एओआयला (कॅमेऱ्याने बोर्ड तपासणारं मशीन) काही सापडलं की रीवर्कवाली ताई हॉट एअरने पार्ट काढते, नवा लावते, विषय संपला. इथे पार्ट बोर्ड तयार व्हायच्या आधीच आत जातो. कॉपर फॉइलवर ग्लू छापायचा, त्यावर चिप ठेवायची, वर खिडक्या कापलेलं प्रीप्रेग (रेझिन भरलेलं काचेचं कापड), परत फॉइल आणि मग प्रेसमध्ये गरम दाबून सगळं एकजीव. नंतर लेझरने बारीक भोकं पाडत थेट चिपच्या पॅडपर्यंत जायचं आणि कॉपर प्लेटिंगने कनेक्शन घ्यायचं, आतल्या पार्टला सोल्डर लागतच नाही. म्हणून तर कॅपॅसिटरची टोकं पण टिनची नाही, तांब्याची घेतात आणि चिप घासून शंभर-दीडशे मायक्रॉनवर आणतात. ती थोडी जरी सरकली तरी लेझर पॅड सोडून भलतीकडे, आणि आत गेलेलं बाहेर काढता येत नाही, चांगल्या चिपसकट बोर्ड भंगारात! त्यामुळे इंटरव्ह्यूला सगळा जोर यील्डवर (शंभरातले किती बोर्ड चांगले निघतात) असतो, रेझिन कसं वाहतं, लेयर किती हलतात वगैरे.

एवढा आटापिटा जागेसाठी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीपीएस८२६७१ बघ, चिप सबस्ट्रेटच्या (खालच्या छोट्या बोर्डाच्या) पोटात, कॉईल नि कॅपॅसिटर वर, म्हणून ६०० मिलिअँपचा अख्खा व्होल्टेज कन्व्हर्टर २.३ बाय २.९ मिलिमीटरमध्ये बसलाय.

माझं मत विचारशील तर आधी लॅमिनेशन (ते प्रेसचं काम) किंवा प्लेटिंगमध्ये वर्ष-दोन वर्ष घाल. एटी अँड एस या पीसीबी बनवणाऱ्या कंपनीचं हेडऑफिस इथे लेओबेनला आहे, पण त्यांचा एक कारखाना म्हैसूरजवळ नंजनगुडला पण आहे, तिथे आधी ट्राय मार ना.

कागदांचं म्हणशील तर रोट-वाइस-रोट कार्ड (इथे राहायचा नि काम करायचा परवाना) २४ महिन्यांचं असतं आणि त्याच कंपनीला बांधलेलं, त्यापुढचं, कंपनीला न बांधलेलं प्लस कार्ड मिळेपर्यंत जॉब बदलायचा म्हणजे परत सगळी फाईल. त्यामुळे ऑफर लेटरमध्ये कुठलं डिपार्टमेंट लिहिलंय ते नीट वाच. पगार महिन्याचा सांगितला तर १२ ने नाही, १४ ने गुण, सुट्टीचा आणि ख्रिसमसचा एकेक जास्तीचा मिळतो. घरात राहायला गेलास की ३ दिवसांत पत्ता नोंदवायचा, फॉर्मवर घरमालकाची सही लागते.

ऑफिसात इंग्रजीवर भागतं. पण रात्रपाळीला प्रेसवरचा माणूस स्टायरियन, म्हणजे इथल्या प्रांताच्या, बोलीत काय बिघडलंय ते सांगतो तेव्हा क्लासमधलं जर्मन पण अपुरं पडतं, तरी जर्मनची बी१ पातळी करूनच ये.