जुनं खोगीर घोडीला बसवायचंय

प्रश्न : महाबळेश्वरातल्या एका घोडेवाल्याकडनं जुनं इंग्लिश खोगीर घेतलं, पण पुढनं घोडीच्या पाठीच्या कण्याला टेकतंय. खाली जाड घोंगडी टाकली तर चालेल का? (वाचक, वाई)

उत्तर : नको ओ, घोंगडीनं दुखणं फक्त झाकतं. आधी आतला सांगाडा बघा, खोगिराचं पुढचं टोक आपल्या पोटाला लावून मागचं टोक आपल्याकडं ओढा, मधे वाकलं किंवा करकरलं तर सांगाडा मोडलेला असू शकतो, मग त्यावर एक रुपयाही घालू नका. तो धड असेल तर खालच्या गाद्यांतली लोकर दबून बसली असेल, ती चामड्याचं काम जाणणाऱ्याकडनं परत भरून घ्या, गाठी अजिबात नकोत. स्वार बसल्यावरही पुढं खोगीर आणि कण्याच्या मधे दोन बोटं जागा राहायला पाहिजे. फेरी मारून खोगीर उतरवलं की घाम बघा, सगळीकडं ओलं आणि मधेच कोरडा डाग, तर तिथं दाब पडतोय. तंगाच्या (घोडीच्या पोटाखालनं खोगीर आवळायच्या पट्ट्याच्या) पट्ट्यांची शिवण मात्र आजच तपासा, ती तुटली तर माणूस खाली येतो.