१९६२ च्या पराभवाबद्दल सरकारने संसदेला कधी उत्तर दिलं का?

हो, दिलं, पण अर्धवट. चीनशी युद्ध चालू असताना १९६२ च्या हिवाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच स्थगित झाला होता. पुढे २ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी हेंडरसन ब्रूक्स चौकशीवर, म्हणजे या पराभवाच्या लष्करी चौकशीवर, संसदेत निवेदन केलं. ते कामकाजाच्या छापील नोंदीत आहे, संसदेच्या डिजिटल लायब्ररीत तारखेने शोधा आणि मुळातूनच वाचा. चौकशीचे मुद्दे पाच होते: प्रशिक्षण, साधनसामग्री, कमांडची रचना, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांचा आपल्या माणसांवरचा प्रभाव. कनिष्ठ अधिकारी ठीक होते, ब्रिगेडपर्यंतही एखादा अपवाद सोडता काम चाललं, उणिवा ठळक झाल्या त्या वरच्या पातळीवर, असं चव्हाणांनी सभागृहात स्पष्ट सांगितलं. पराभवानंतर वर्षाच्या आत एवढं बोलणं मला फार मोलाचं वाटतं.

मात्र चौकशीचा अहवाल त्यांनी सुरक्षा आणि सैन्याचं मनोधैर्य ही कारणं देऊन सभागृहाच्या पटलावर ठेवला नाही. २०१० मध्ये ए. के. अँटनी आणि २०१४ मध्ये अरुण जेटली या तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांनीही लेखी उत्तरांत तो जाहीर करायला नकारच दिला. शिवाय पाचही मुद्दे लष्करापुरते आहेत. दिल्लीत मंत्री आणि सचिवांनी निर्णय कसे घेतले, याचं उत्तर तुम्हाला या निवेदनात मिळणार नाही. खासदारांनी त्यावर काय विचारलं हे त्या वर्षांच्या चर्चांमध्येच शोधावं लागेल.