गणपतीत गावच्या घरी फक्त मोठीच माणसं असतील, तर बदाम सात, गुलामचोर, भिकार-सावकार खेळण्यात मजा येते का?

येते, पण बदाम सातपासून सुरुवात करा. आमच्याकडे रत्नागिरीत गणपतीच्या जागरणाला मुलं झोपल्यावरही हा डाव चालू राहतो, त्यावरून सांगतोय. लहानपणी हातात आलं ते पान आपण टाकत सुटतो. मोठेपणी कळतं की खरा खेळ पानं अडवण्याचा आहे. समजा किलवरची सत्ती तुमच्याकडे आहे, पण किलवरचा एक्का, राजा अशी टोकाची पानं नाहीत. मग दुसरं काही लागत असेपर्यंत ती सत्ती धरून ठेवा, समोरच्याची अख्खी किलवर अडकते. उलट टोकाची पानं तुमच्याच हातात असतील तर सत्ती लगेच उतरवा. लागणारं पान असताना पास म्हणायचं नाही, हा नियम मात्र आधीच ठरवून घ्या, कारण घरोघरी नियम वेगळे असतात आणि वाद इथेच होतो. उरलेल्या पानांचे गुण मांडले की चुरस आणखी वाढते.

गुलामचोरही छान रंगतो. एक गुलाम काढला की 51 पानं उरतात, म्हणजे 25 जोड्या आणि एक गुलाम. तो कोणाकडे आहे हे चेहऱ्यावरून ओळखायचं, आणि वर्षानुवर्षं ओळखीचे चेहरे असले की फारच धमाल. चार-पाच जण तरी हवेत.

भिकार-सावकारात मात्र निर्णय घ्यायलाच काही नसतो, सगळा नशिबाचा मामला. मोठ्यांना तो लवकर कंटाळवाणा होतो.