पायाची धमनी अपघातात तुटली, तर पाय वाचेल की नाही हे आधी सांगता येतं का?

अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. सगळ्यात मोठा घटक म्हणजे वेळ. रक्तपुरवठा थांबून सहा तास उलटले की स्नायू आणि नसा (मज्जातंतू) कायमच्या निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. मग जागा बघायची. गुडघ्यामागची धमनी सर्वांत वाईट, कारण तिथे पर्यायी रक्तवाहिन्या तुटपुंज्या असतात. मांडीतल्या धमनीचं त्या मानाने बरं. सोबत हाड मोडलंय का, मांस किती चिरडलंय, रक्तदाब किती खाली गेला होता, हेही मोजतात.

यासाठी १९९० पासून 'मेस' (MESS, Mangled Extremity Severity Score) नावाची गुणपद्धत आहे: जखमेची तीव्रता, रक्तपुरवठा, शॉक (म्हणजे रक्तदाब कोसळणं) आणि वय. सहा तासांपेक्षा जास्त उशीर झाला असेल तर रक्तपुरवठ्याचे गुण दुप्पट धरतात. एकूण ७ किंवा जास्त आले की पाय कापावा लागण्याची शक्यता जास्त, असं मूळ गणित. पण पुढच्या अभ्यासांत ते तितकं खरं ठरलं नाही. ७ च्या वर गुण असलेले कित्येक पाय आज वाचतात. त्यामुळे निव्वळ आकड्यावर कोणी पाय कापत असेल, तर दुसऱ्या सर्जनचं मत जरूर घ्या, अर्थात जिवावर बेतलेलं नसेल तर.

आणि हो, पाय वाचला म्हणजे चालता येईलच असं नाही. ते बरंचसं नसांवर ठरतं.